राखेच्या पाण्यातला पेंढा

आमच्या मृणालीने पेंढ्यातून साखर काढायचं मनावर घेतलं तेव्हा मी हसलो, आणि ती माझी पहिली चूक. चहात घालायची साखर नव्हे, हे तिने मला तीनदा समजावून सांगितलं. भाताच्या काडीत साखर कोंडलेली असते, ती मोकळी करायची, मग तिच्यात यीस्ट सोडून आंबवायची आणि त्यातून गाड्यांना चालेल असं इंधन काढायचं. मी म्हटलं, "आंबवून काय निघतं ते आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला पीएचडी कशाला हवी?" पोरगी ताटावरून उठली. रागाच्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे. बुद्धीच्या बाबतीत कुणावर गेली ते माझ्या बायकोला, दमयंतीला विचारा, ती आनंदाने सांगेल.

मी चाळीस वर्षं मुंबईला गोदीच्या वर्कशॉपात फिटर होतो. निवृत्त झालो आणि हातखंब्याच्या अलीकडे आमचं गाव आहे तिथे परत आलो. जुनं म्हणावं असं तिथे आता फारसं राहिलेलं नाही. घर स्लॅबचं, चूल गॅसची, भात कापायला मशीन येतं, आणि वाडीतल्या चौदा घरांत मिळून तीन गुरं. मग पेंढा खाणार कोण? तो बांधावर कुजतो, नाहीतर लोक त्याला काडी लावतात. मृणालीला त्याचाच राग. रत्नागिरीच्या एका कॉलेजात ती संशोधन करते, स्कूटीवरून रोज जाते-येते, आणि वाटेत कुठे पेंढा जळताना दिसला की थांबून भांडते.

तिचं अडलं होतं ते ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. काडीतल्या साखरेभोवती लिग्निन नावाचा लाकडासारखा चिवट पदार्थ असतो. तो आधी सैल करावा लागतो, तेव्हा कुठे एन्झाइम आत शिरतं आणि साखर सुटी करतं. सैल करायची सरळ वाट म्हणजे कॉस्टिक सोडा. पण कॉस्टिकमध्ये पेंढा उकळला की मागे काळं पाणी उरतं, आणि ते ओतलं की जमीन गेली, विहीर गेली. तिच्या सरांनी सांगितलं, जमिनीला अपाय होणार नाही आणि इथल्या माणसाला आपल्या अंगणात करता येईल असं काहीतरी शोध. तेव्हापासून आमच्या घराची रया गेली. दमयंतीचा पाच लिटरचा कुकर कॉलेजात गेला तो परत आला नाही. आंबट काहीतरी लावून बघू म्हणून कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या गेल्या. पेंढा मात्र जसाच्या तसा.

एका रविवारी ती पडवीत पेंढ्याची पेंडी मांडीवर घेऊन बसली होती. चेहरा उतरलेला. म्हणाली, "पप्पा, गाई-बैल हेच खाऊन जगतात. आणि माझं एवढं महागडं एन्झाइम ह्याला तोंड लावत नाही."

मी पेपर वाचत होतो. वर न बघता म्हणालो, "गुरांनासुद्धा दाढा लागतात. दाढा झिजल्या की त्यांनाही पेंढा जात नाही."

"मग म्हाताऱ्या बैलाला लोक काय घालायचे?"

"आबा राखेच्या पाण्यातला पेंढा घालायचे," मी बोलून गेलो, आणि जीभ चावली. आबा म्हणजे माझे वडील, धाकू. ही गोष्ट मी अठ्ठेचाळीस वर्षांत तोंडातून काढली नव्हती. दमयंतीपाशीसुद्धा नाही.

मृणालीने पेंडी खाली ठेवली. "राखेच्या म्हणजे? कसली राख? किती पाणी? किती वेळ?"

आता सांगणं भाग होतं. आणि खरं सांगायचं तर सांगताना मला बरं वाटायला लागलं.

आमचा हरण्या नावाचा बैल होता. तांबूस अंगाचा, एक शिंग किंचित खाली वळलेलं. माझ्या जन्माच्या आधीपासून घरात. मी दहावीत गेलो तेव्हा त्याच्या दाढा पार झिजून गेल्या होत्या. पेंढा तोंडात घ्यायचा, घोळवायचा आणि लाळेत भिजलेला बोळा खाली टाकायचा. लोक म्हणाले, कशाला ठेवतोस, देऊन टाक. आबा फार बोलणारा माणूस नव्हता. म्हणाले, "माजी नांगरट करून त्येच्या दाढा गेल्या. आता मी चावून देतो."

चावून देतो म्हणजे असं. नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, वेगळी जाळायची. चुलीतली राख चालायची नाही, तिच्यात लाकडाची, गोवऱ्यांची, सगळीच राख. सोडणांची पांढरी राख एका फुटक्या मडक्यात भरायची, तळाला फडकं, वरून पाणी. खाली थेंब थेंब पाणी उतरायचं, चहापेक्षा फिकं आणि हाताला बुळबुळीत. ते दगडी डोणीत साठवून त्यात पेंढा बुडवायचा आणि वर धोंडा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पेंढा पिवळाधमक आणि मऊ व्हायचा, त्याला एक गोडसर वास यायचा, शिजत्या भाताच्या पहिल्या कढासारखा. मग तो तीन पाण्यांतून धुवायचा. बोटांत चोळून बघायचा, बुळबुळ गेली की झालं. तेवढ्यावर आबांचं भागायचं नाही. ते एक काडी स्वतःच्या तोंडात घालून चघळायचे, आणि मग घमेलं हरण्यापुढे सरकवायचे. धुतलेलं पाणी माडाच्या आळ्यात. "माडाचं माडाला," म्हणायचे. ह्या सगळ्यात पाणी शेंदायचं काम माझं. विहिरीवरून बारा कळश्या, रोजच्या रोज, शाळेत जायच्या आधी. मला त्याचा मनापासून वैताग यायचा. आणि आज त्या विहिरीच्या काठावरच्या सकाळी, ओल्या पेंढ्याचा तो वास, आबांचं ते काडी चघळत माडांकडे बघत उभं राहणं, हे सगळं इतकं हवंसं वाटतं की काय सांगू.

मृणाली वहीत भराभर लिहून घेत होती. "पप्पा, हे पोटॅशचं पाणी आहे. अल्कली. आजोबांनी तेच केलं जे मी कॉस्टिकने करते. आणि उरलेलं पाणी खत. हे तुम्ही मला दोन वर्षं सांगितलं नाहीत?"

"तू कधी विचारलंस?" मी म्हटलं. पण न सांगण्याचं कारण वेगळं होतं, आणि ते मी तेव्हाही तिला सांगितलं नाही. हरण्याला मी मारलं होतं. निदान अठ्ठेचाळीस वर्षं मी तसंच धरून चाललो होतो.

दहावीचं वर्ष, शिमगा. आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या वर्षी मला पहिल्यांदा पालखीला खांदा मिळणार होता. मी आठ दिवस नीट झोपलो नव्हतो. आबा पहाटेच सहाणेवर गेले, पालखी तिथे बसलेली असते. जाताना मला म्हणाले, "हरण्याचा पेंढा धू, त्येला घाल आनि मंग ये." बारा कळश्या. तिकडे वरच्या वाडीतून ढोलाचा आवाज यायला लागलेला, आणि फाल्गुनात विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, दोर संपता संपत नाही. मी पहिली कळशी शेंदली आणि तिथेच ठेवली. डोणीतला पेंढा उचलला, नुसता झटकला, घमेल्यात भरला, हरण्यापुढे टाकला आणि धावत सुटलो.

पालखी नाचवली. खांदा सोलून निघाला. संध्याकाळी घरी आलो तर घमेलं रिकामं, एक काडी शिल्लक नाही. तिसऱ्या दिवशी हरण्याने तोंड मिटलं. पाचव्या दिवशी गेला. आबांनी आणि शेजाऱ्यांनी त्याला खालच्या वाफ्याच्या कडेला पुरला. मी माती ओढत होतो आणि आबांकडे बघत नव्हतो. ते मला एक शब्द बोलले नाहीत. दिवस गेले तरी बोलले नाहीत. त्यांनी मला मारलं असतं तर फिटलं असतं. त्यांचं ते गप्प राहणं मला सोसवेना. परीक्षा झाली आणि मे महिन्यात मी मामाबरोबर मुंबईला निघून गेलो. आबांची इच्छा होती मी शेती बघावी. मी म्हटलं, मला शिकायचंय. शिकायचंबिकायचं काही नव्हतं, त्या गोठ्यासमोरून जायचं नव्हतं. आबा गेले अठ्ठ्याण्णव साली. तोवर आम्ही पावसाचं बोललो, गाड्यांचं बोललो, ह्या गोष्टीबद्दल कधी नाही.

तर मृणालीने राखेच्या पाण्याचं मनावर घेतलं, तेव्हा तिच्या साखरेशी मला फारसं देणंघेणं नव्हतं. तिच्या कॉलेजात मोजायची यंत्रं होती. न धुतलेल्या त्या पेंढ्याने बैल मरतो की नाही, एवढंच मला मरायच्या आधी कळून घ्यायचं होतं.

पहिला प्रयोग साफ फसला. चूक आमची, म्हणजे दमयंतीची, असं मी म्हणतो आणि ती म्हणते माझी. अंघोळीचं पाणी तापवायची चूल अजून आमच्या मागच्या दारी आहे. तिची राख मृणाली घेऊन गेली. त्या चुलीत दमयंती दुधाच्या पिशव्यांपासून औषधांच्या खोक्यांपर्यंत सगळं घालते. पाणी उतरलं ते राखाडी, त्याला वास रॉकेलसारखा. मृणालीने ते तसंच ओतून दिलं आणि संध्याकाळी येऊन आईशी अबोला धरला. मग मी उठलो. गावातून चार पोती सोडणं गोळा केली, अंगणात वेगळी जागा झाडून घेतली आणि स्वतः बसून जाळली. मडकं कुंभाराकडून नवीन आणलं आणि तळाला भोक पाडलं. फिटरचा हात, भोक मस्त पडलं. शेजारीपाजारी बघून गेले, की रघूचं डोकं तर फिरलं नाही ना. पांढरी राख, तळाला फडकं, वरून पाणी. पहिला थेंब पडला तेव्हा मी बोट लावून बघितलं. तीच बुळबुळ. मी उगाच दमयंतीवर ओरडलो, की बादली सरळ ठेव.

ते पाणी घेऊन मीच मृणालीबरोबर कॉलेजात गेलो. तिने एक काचेची कांडी त्यात बुडवली. पडद्यावर पीएचचा आकडा हलत हलत गेला आणि बारा पूर्णांक दोनवर थांबला.

"अरे वा," ती म्हणाली. "हे तर चांगलंच कडक आहे. पप्पा, हात घातला होतात ना? धुवा आधी."

"का?"

"जास्त वेळ राहिलं तर कातडी सोलवटते."

मी हात धुतले. स्टुलावर बसलो आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. कातडी सोलवटते, मग आतडं का नाही सोलवटणार? मला पाहिजे ते उत्तर मिळालं होतं.

पुढचे पंधरा दिवस मृणाली हवेत होती. पेंढा एक रात्र भिजवला, आबांच्या हिशेबाने तीन पाण्यांतून धुतला, मग त्याला एन्झाइम लावलं. साध्या पेंढ्यातून निघत होती तिच्या तिपटीहून जास्त साखर निघाली. तिने तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. धुतलेलं पाणी तिने कॉलेजच्या आवारातल्या माडांना घातलं. तिचे सर घरी जेवायला येऊन गेले, माझ्या पाया पडले. मी म्हटलं, अहो, पाया पडायचं तर माझ्या बापाच्या पडा. सगळे हसले. मी ताटातला भात नुसता चिवडत होतो.

दमयंतीच्या नजरेतून काही सुटत नाही. सर गेल्यावर तिने मृणालीला सांगितलं, "तुझ्या पप्पांचं काहीतरी बिनसलंय. दोन आठवडे मच्छीला नावं ठेवली नाहीत." दुसऱ्या दिवशी मृणालीने मला पडवीत गाठलं आणि सरळ विचारलं. मी आधी उडवाउडवी केली. मग एकच विचारलं, "पेंढा धुतला नाही तर काय होतं?"

"एन्झाइम मरतं. साखर निघत नाही."

"आणि बैलाला घातला तर?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग मी सगळं सांगितलं. शिमगा, खांदा, विहिरीवर ठेवलेली कळशी, रिकामं घमेलं, पाचवा दिवस. सांगताना माझा आवाज फुटला, ह्याची मला लाज वाटली नाही. तिने मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर "जाऊ द्या, तुम्ही लहान होतात" असलं काही ती बोलली नाही, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. तिने विचारलं, "तुम्ही त्याला खाताना बघितलंत?"

"नाही. पण घमेलं रिकामं होतं, सांगितलं ना."

"पण खाताना नाही बघितलंत." ती उठली. "चला, गोदाकाकूकडे."

गोदाकाकू आमच्या शेजारच्या. वाडीतल्या तीन गुरांपैकी एक गाय त्यांची. मृणालीने दोन घमेली घेतली. एकात धुतलेला पेंढा, एकात डोणीतून तसाच उचललेला. गोदाकाकूंनी कंबरेवर हात ठेवले. म्हणाल्या, "माज्या गायला काय करतेस गो?"

"काही नाही काकू. ती खायला लागली तर मी लगेच काढून घेते."

काढून घ्यायची वेळच आली नाही. गाईने न धुतलेल्या पेंढ्यापाशी नाक नेलं, जोरात फुरफुरली आणि मान अशी झटकली की दाव्याला हिसका बसला. मृणालीने घमेलं पुढे सरकवलं. गाय मागे सरली. शेवटी तिने अंगच वळवलं आणि पाठ करून उभी राहिली. मग धुतलेला पेंढा ठेवला. तो तिने हुंगला, एक घास घेतला, आणि बघता बघता घमेलं चाटून पुसून रिकामं केलं. मृणालीने गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. तेही तेच म्हणाले. इतकं कडक पाणी लागलेला पेंढा बैल तोंडात घेणार नाही, उपाशी राहील पण खाणार नाही. आणि चुकून एखादा घास घेतलाच तर तोंड पोळेल, थुंकून टाकेल, घमेलंभर खाऊन पाच दिवस जगणार नाही.

मी गाईपुढचं रिकामं घमेलं उचललं. मग त्या दिवशीचं घमेलं रिकामं कसं झालं?

त्या वेळी घरात आई नव्हती, ती मी चौथीत असतानाच गेली. आबा, मी आणि माझी मोठी बहीण तुळसा, एवढेच. तुळसाबाय तेव्हा वीस वर्षांची, पुढच्याच वर्षी तिचं लग्न होऊन ती सावर्ड्याला गेली. आता सत्तरीला टेकली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मृणालीने गाडी काढली आणि आम्ही सावर्ड्याला गेलो. वाटेत मी हायवेच्या कामाला शिव्या घालत होतो, नेहमीपेक्षा जास्त. मला भीती वाटत होती, ती शिव्यांत खपून जात होती.

तुळसाबाय अंगणात सुपारी सोलत बसली होती. चहा झाला, मृणालीच्या लग्नाचं विचारून झालं. मग मी म्हटलं, "बाय, हरण्या आठवतो?"

"न आठवायला काय झालं? तेचं येक शिंग वाकडं व्हतं."

"त्याच्या शेवटच्या शिमग्याला, पालखीच्या दिवशी, त्याचा पेंढा कुणी धुतला?"

तिने सुपारी खाली ठेवली आणि हसायला लागली. "आता इचारतोस? तू तं तसाच टाकून पळालास. आबा मधेच घरी आला, पालखीला नारळ न्यायचा राह्यला व्हता म्हनून. बगतो तं हरण्या भिताडाकडं त्वांड करून उभा. आबानं काडी त्वांडात घातलीन आनि थुकलीन. मंग मला हाक मारलीन. मी पानी शेंदलं, आबानं पेंढा धुतलान. बारा कळश्या. तिकडं पालखी निघाली, आबा हितं इहिरीवर."

"मग मला का नाही बोलले?"

"मी बोल्ले व्हते, रघूला चांगला धुवून काडा. तं आबा बोल्ला, आज त्येच्या खांद्याचा पयला दिस हाय, त्येला कायेक बोलू नको."

मृणालीने माझ्या पाठीवर हात ठेवला होता, तो मला बराच वेळ कळलाच नव्हता. मी विचारलं, "मग हरण्या कशाने गेला?"

"म्हातारपनानं, आनि कशानं? आबा आधीच बोल्ला व्हता, शिमगा काडील, पाडवा काय काडायचा नाय. तेवढ्यासाटीच तं रोज धुवून घालत व्हता. असा का इचारतोस?"

मी तिला सांगितलं. अठ्ठेचाळीस वर्षं मी काय समजत होतो, मुंबईला का गेलो, आबांच्या समोर मान वर का होत नव्हती. सांगता सांगता मला वाटलं होतं, आता छातीवरचा धोंडा उतरेल. पहिली दोन-चार वाक्यं तसं झालंही. पण तुळसाबायचं हसू हळूहळू मावळत गेलं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अरे, मला इचारायचंस," ती म्हणाली. "येकदा तरी इचारायचंस."

"आबांनी तरी मला कुठे विचारलं, का जातोस म्हणून?"

"त्येला वाटलं, तू शिकलास, आता तुला ढोरांची लाज वाटते. मला बोल्ला, नको वाटतं त्येला तं कशाला बळंबळं? पन मनातनं आशा सोडली नाय व्हतीन." तिने पदराने डोळे पुसले. "हरण्या गेला आनि म्हयन्याभरानं आबानं येक पाडा सांगून ठेवलान. तुज्यासाटी. तुजी परीक्षा झाली की आनून तुज्या हाती द्यायचा, तू त्येला शिकवायचास. तो घरात यायच्या आदीच तू गेलास. तरी आनलान. दोन वरसं आबानं तो पाडा कुनाला जुंपू दिला नाय. लोक हसायचे, येवढा थोरला बैल नुसता बांधून खातो म्हनून."

त्या दोन वर्षांत मी दोनदा शिमग्याला घरी आलो होतो. चार-चार दिवस राहिलो होतो. दोन्ही वेळा मी पुढच्या दाराने आलो आणि पुढच्या दाराने गेलो, गोठ्याकडे फिरकलोसुद्धा नाही. तिथे काय बांधलंय ते मी बघितलंच नाही, आणि मी बघत नाही हे आबा बघत होते.

तुळसाबायने सुपारीचं सूप बाजूला सारलं. मी विचारलं, "त्या पाड्याचं नाव काय होतं?"

"नाव नव्हतं ठेवलंन," ती म्हणाली. "मी दोनदा बोल्ले, आबा, काय तरी नाव ठेव. तं बोल्ला, रघू ठेवील."